हेच झाड, हाच माणूस

११ मे १८६८ रोजी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स नावाच्या तेवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने आपल्या कविता जाळून टाकल्या. डायरीतली त्या दिवसाची नोंद अगदी त्रोटक आहे. तिच्यात बायबलमधल्या हेरोद राजाने करवलेल्या बालहत्येची आठवण आहे. म्हणजे आपण काय करतोय हे त्याला नीट कळत होतं.

हॉपकिन्स हा काही हताश, नाकारला गेलेला कवी नव्हता. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात ग्रीक-लॅटिन शिकून तो पहिल्या वर्गात पास झाला होता. घर सुखवस्तू, वडील सागरी विम्याच्या व्यवसायात. पण १८६६च्या ऑक्टोबरमध्ये त्याने घरचा अँग्लिकन पंथ सोडून रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला होता आणि आता तो जेझुइट संघात जाणार होता. कवितेची ओढ आणि देवाची ओढ एकाच माणसात नांदू शकत नाहीत, असं त्याला वाटत होतं. एक ठेवायची तर दुसरी सोडायला हवी. वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय पुन्हा लिहायचं नाही असं त्याने ठरवलं आणि पुढची सात वर्षं, एक-दोन किरकोळ प्रासंगिक रचना सोडल्या तर, ते पाळलं.

हा झगडा आपल्याला परका नाही. डोळ्यांना सुंदर दिसतं ते मोहात पाडतं, मोह बांधून ठेवतो, म्हणून ज्याला वर जायचं आहे त्याने नजर आवरावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. हॉपकिन्सने तर नजर खरोखरच आवरली. जेझुइट झाल्यावर १८६९मध्ये जानेवारीच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत, असं सहा महिने त्याने एक प्रायश्चित्त घेतलं. त्या व्रतामुळे अर्धं वर्ष फारसं काही पाहता आलं नाही, असं त्याने नंतर डायरीत लिहिलं. ज्या माणसाच्या डायरीची पानंच्या पानं ढगांचे आकार, झाडांच्या फांद्यांची ठेवण आणि लाटा फुटण्याची तऱ्हा यांनी भरलेली आहेत, त्याने सहा महिने डोळे खाली ठेवले.

तरीही आज हॉपकिन्स इंग्रजीतल्या सगळ्यात डोळस धार्मिक कवींपैकी एक मानला जातो. हे कसं झालं? उत्तराचा मोठा भाग एका मध्ययुगीन तत्त्वज्ञाकडे जातो. एखादा अवघड तात्त्विक विचार कवितेत उतरतो म्हणजे नेमकं काय होतं, ते या जोडीत मला जितकं स्वच्छ दिसलं तितकं दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आधी जेझुइट साधनेबद्दल थोडं. या संघाचा संस्थापक इग्नेशियस लॉयोला याने ‘आध्यात्मिक साधना’ नावाचं एक छोटं पुस्तक तयार केलं. १५४८मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. हे पुस्तक वाचायचं नसतं, करायचं असतं. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची. तिच्यात ध्यानाला बसल्यावर मन रिकामं करायला सांगितलेलं नाही. उलट ते भरायला सांगितलंय. येशूचा जन्म डोळ्यांसमोर आणायचा तर ती जागा उभी करायची. रस्ता कसा आहे, गुहा केवढी आहे, आत काय ऐकू येतं, वास कसला येतो. पाचही इंद्रियं कामाला लावायची. आणि साधनेच्या शेवटी, सगळ्या वस्तूंमध्ये देव कसा राबतो आहे, हे पाहायला शिकायचं.

म्हणजे हॉपकिन्सला एकीकडे नजर आवरायचं वळण लागलं होतं आणि दुसरीकडे नजर तेज करायचं. १८७०मध्ये तो लँकेशरमधल्या स्टोनीहर्स्टला तत्त्वज्ञान शिकायला गेला. त्याच वर्षी त्याने एका ब्लूबेलच्या फुलाचं बारकाईने वर्णन केलं आणि या फुलातून आपल्याला प्रभूचं सौंदर्य कळतं असं लिहिलं. वस्तूच्या आत जो खास आकृतिबंध असतो, जो तिला एकसंध ठेवतो, त्याला त्याने स्वतःचा शब्दही घडवला होता: इनस्केप. पण या पाहण्याला आधार काय? ब्लूबेलकडे इतका वेळ बघणं ही प्रार्थना आहे की प्रार्थनेतून पळवाट?

१८७२च्या ऑगस्टमध्ये, आइल ऑफ मॅन बेटावर सुट्टीला गेलेला असताना, त्याच्या हाती डन्स स्कोटसचा ग्रंथ लागला. डायरीतला उत्साह लपत नाही. त्यानंतर आकाशाचं किंवा समुद्राचं काहीही नीट नजरेत भरलं की मला स्कोटस आठवायचा, असं तो लिहितो.

स्कोटस हा तेराव्या शतकातला फ्रान्सिस्कन भिक्षू. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. ऑक्सफर्ड आणि पॅरिसला शिकवलं, १३०८मध्ये कोलोनला वारला. इतके बारीक भेद करायचा की त्याला ‘सूक्ष्म आचार्य’ म्हणत. पुढे हे बारकावे लोकांना नकोसे झाले आणि त्याच्या अनुयायांची इतकी टिंगल झाली की इंग्रजीत मठ्ठ माणसाला ‘डन्स’ म्हणू लागले. आजही म्हणतात. युरोपातल्या सर्वांत तल्लख डोक्यांपैकी एकाचं नाव अशी शिवी होऊन बसलं.

त्याचा जो विचार हॉपकिन्सला भिडला तो सोपा करून सांगते. दोन झाडं आहेत, दोन्ही एकाच जातीची. मग त्यांना ‘दोन’ करणारं काय? थॉमस अक्वायनसचं उत्तर ढोबळमानाने असं की त्यांचा ‘झाडपणा’ सारखाच आहे, तो वेगवेगळ्या द्रव्यात उतरलाय म्हणून झाडं दोन. स्कोटसला हे पटलं नाही. त्याच्या मते प्रत्येक वस्तूत तिच्या जातीच्या पलीकडे आणखी काहीतरी खरं, भरीव असतं, जे तिला ‘ही’ वस्तू बनवतं. त्याला लॅटिनमध्ये ‘हेक्केइटास’ असं नाव पडलं. मराठीत शब्दशः ‘हेपण’ म्हणता येईल. झाडपण वेगळं, या झाडाचं हेपण वेगळं.

माझ्या रोजच्या कामात याच्या जवळचं एक उदाहरण आहे. प्रोग्रॅम लिहिताना आपण एक क्लास लिहितो आणि त्यापासून हजार ऑब्जेक्ट तयार करतो. दोन ऑब्जेक्टमधल्या सगळ्या व्हॅल्यू तंतोतंत सारख्या असल्या तरी ती दोन वेगळी ऑब्जेक्ट असतात. एकाला हात लावला तर दुसरं बदलत नाही. स्कोटस पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, अरे, हे तर आपल्याला माहीत आहे! पण उदाहरण लवकरच तोकडं पडतं. आमच्याकडे दोन ऑब्जेक्ट वेगळी ठरतात ती मेमरीतल्या पत्त्यावरून, म्हणजे जागेवरून. स्कोटस म्हणतो, जागा, आकार, संख्या ही सगळी वरवरची लेबलं आहेत. वस्तू आधी ‘ही’ असते आणि म्हणून तिला जागा असते. शिवाय आमच्याकडे खरं महत्त्व क्लासला, ऑब्जेक्ट येतात नि पुसली जातात. त्याच्याकडे उलट आहे. ‘हे’ असणं ही वस्तूची उणीव नाही, ती तिची पूर्णता आहे.

त्याचा आणखी एक विचार हॉपकिन्सला जवळचा वाटला. देव माणूस का झाला? नेहमीचं उत्तर असं की आदामाने पाप केलं, ते निस्तरायला. स्कोटस म्हणतो, आदामाने पाप केलं नसतं तरी देव माणूस झालाच असता. आमच्या भाषेत सांगायचं तर तो बगफिक्स नव्हता, मूळ डिझाइनच ते होतं. माती, देह, पान, पीस यांच्यात उतरणं ही देवाची पहिली इच्छा. मग ब्लूबेल हा अडथळा कसा असेल?

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. हॉपकिन्सने ‘इनस्केप’ हा शब्द स्कोटस वाचण्याच्या काही वर्षं आधी वापरला होता. त्याच्या आकृतिबंध आणि स्कोटसचं हेपण एकच आहे की नाही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. म्हणजे स्कोटसने त्याला नजर दिली नाही. नजर होतीच. स्कोटसने परवानगी दिली. ज्या गोष्टीची त्याला धास्ती होती तीच करायला त्याच्याच परंपरेतल्या एका जुन्या आचार्याने मान्यता दिली होती.

कविता मात्र लगेच परतली नाही. डिसेंबर १८७५मध्ये ‘डॉइशलँड’ हे जहाज टेम्सच्या मुखापाशी वाळूत रुतून फुटलं. बुडालेल्यांत पाच फ्रान्सिस्कन नन होत्या, जर्मनीतल्या कॅथलिकविरोधी कायद्यांमुळे देश सोडाव्या लागलेल्या. हॉपकिन्स तेव्हा उत्तर वेल्समध्ये ईश्वरशास्त्र शिकत होता. यावर कुणीतरी कविता लिहायला हवी, असं त्याचे वरिष्ठ बोलून गेले. त्याला तेवढंच पुरलं. त्याने लिहिलेली दीर्घ कविता जेझुइटांच्याच मासिकाने छापली नाही. पण बांध फुटला होता. १८७७ या एका वर्षात त्याने ससाण्यावर, ठिपक्याठिपक्यांच्या वस्तूंवर, देवाच्या वैभवावर सुनीतं लिहिली. तीच आज शाळा-कॉलेजांत शिकवतात.

या कवितांत स्कोटस फक्त आशयात नाही, भाषेत आहे. इंग्रजी छंदात साधारणपणे आघाताचे आणि बिनआघाताचे अवयव ठरलेल्या क्रमाने येतात. हॉपकिन्सने फक्त आघात मोजले, मधले अवयव कितीही येवोत. वेल्समध्ये असताना तो वेल्श शिकला आणि त्या काव्यातली व्यंजनांची गुंफण इंग्रजीत आणली. शब्दाला शब्द ठोकून नवे जोडशब्द केले. कारण त्याची अडचण उघड होती. भाषेतले बहुतेक शब्द जातिवाचक असतात. ‘ससाणा’ म्हटलं की जगातले सगळे ससाणे आले. ‘आज सकाळी मला दिसलेला हा’ एवढंच सांगायला भाषेत शब्दच नाही. खुद्द स्कोटसचं म्हणणं होतं की या जन्मी माणसाच्या बुद्धीला हेपण थेट पकडता येत नाही. हॉपकिन्स भाषा वाकवून, पिळून तेच पकडायला बघत होता. म्हणून त्याच्या ओळी पहिल्या वाचनात अडखळायला लावतात. मी त्या मोठ्याने वाचते तेव्हा जास्त कळतात.

गूढवाद म्हटलं की आपल्या मनात विरघळण्याचं चित्र येतं. मिठाचा खडा पाण्यात, थेंब समुद्रात, घट फुटला की आतलं आकाश बाहेरच्या आकाशात. मुक्ती नको, भक्तीचं सुख दे, पुन्हा जन्माला घाल, असं देवाला सांगणारे संतही आपल्याकडे आहेत. म्हणजे भक्त आणि देव हे दोनपण टिकवण्याची ओढ आपल्याला ठाऊक आहे. पण प्रत्येक पान, प्रत्येक पाखरू आपापलं राहूनच देवाला गाठतं, किंबहुना आपापलं राहणं हेच त्याचं भजन, हा ताण हॉपकिन्सइतका लावून धरलेला मी दुसरीकडे वाचला नव्हता. खंड्यावरच्या त्याच्या सुनीतात प्रत्येक वस्तू एकच काम करते. ती स्वतःला उच्चारते.

आता या विचाराची किंमत. प्रत्येक झाड ‘हेच’ असेल तर एक झाड तुटल्यावर दुसरं लावून भरपाई होत नाही. १८७३च्या एप्रिलमध्ये स्टोनीहर्स्टच्या बागेतलं एक अ‍ॅशचं झाड तोडलं. आवाज ऐकून हॉपकिन्सने बाहेर पाहिलं आणि त्याला इतकी कळ आली की जगातले हे इनस्केप नष्ट होताना पाहण्यापेक्षा मरण बरं, असं त्याने लिहिलं. १८७९मध्ये ऑक्सफर्डजवळ बिन्झीच्या पॉपलरांची रांग तोडली गेली तेव्हा त्याने कविता लिहिली. नंतर येणाऱ्यांना इथे काय होतं याचा अंदाजसुद्धा येणार नाही, ही तिच्यातली खरी वेदना आहे. आपल्याकडे रस्ता रुंद करताना जुने वड पाडतात आणि एकाच्या बदल्यात पाच रोपं लावू म्हणतात, तेव्हा तो हिशेब का बोचतो, ते मला या कवितेने कळलं. हिशेब झाडांचा असतो. गेलेलं असतं ते झाड.

माणसांच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं. माझे थोरले काका तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचे. पाण्याच्या जळालेल्या मोटरी लोक टेम्पोत घालून आणायचे. काका झाकण उघडून वास घ्यायचे आणि व्होल्टेज कमी पडून जळली की बेअरिंग जाम होऊन, ते सांगायचे. एकाच कंपनीच्या, एकाच हॉर्सपॉवरच्या दोन मोटरी चालू करून, डोळे मिटून, कुठली कुणाच्या विहिरीवरची ते ओळखायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. दहा दिवस येणारे-जाणारे सांगत होते, आत्मा अमर असतो, देह पंचतत्त्वात मिळाला, दुःख करू नका. माणसं चांगली होती आणि मनापासून बोलत होती. काकू मला आत भांडी लावताना म्हणाली, “पंचतत्त्वात गेले म्हणतात. मला पंचतत्त्वाशी काय करायचंय?”

त्यानंतर काही महिन्यांनी मी हॉपकिन्सची ‘फेलिक्स रँडल’ वाचली. १८८०मध्ये तो लिव्हरपूलला गरीब वस्तीत धर्मगुरू होता. घोड्यांना नाल मारणारा एक धिप्पाड लोहार आजारी पडतो, खंगतो, हॉपकिन्स त्याच्याकडे जात राहतो आणि एक दिवस तो गेल्याची बातमी येते. धर्मगुरूने लिहिलेली कविता स्वर्गात संपेल असं वाटतं. ती संपते लोहाराच्या भट्टीपाशी, तो धडधाकट असताना, एका थोराड करड्या घोड्याला नाल घडवताना. हॉपकिन्सचा अमर आत्म्यावर पूर्ण विश्वास होता. पण शोक करताना त्याने आत्म्याचा आधार घेतला नाही. त्याला हा माणूस हवा होता, त्याच्या हातातल्या कामासकट. काकूचं म्हणणं याहून वेगळं नव्हतं.

हे तत्त्वज्ञान माणसाला वाचवतं, असं मात्र नाही. १८८४मध्ये हॉपकिन्सला डब्लिनला ग्रीकचा प्राध्यापक म्हणून पाठवलं गेलं. परका देश, ढासळलेली तब्येत आणि परीक्षेच्या पेपरांचे ढीग. १८८५च्या सुमारास त्याने जी सुनीतं लिहिली त्यांना पुढे ‘भयाण सुनीतं’ असं नाव पडलं. त्यांत देव उत्तर देत नाही. रात्र संपत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ज्या हेपणाचा त्याने उत्सव केला होता तेच आता आत वळतं. स्वतःची चव स्वतःलाच लागते आणि ती कडू असते. ‘मी हाच आहे’ ही जाणीव ससाण्याच्या बाबतीत आनंदाची होती. स्वतःच्या बाबतीत ती कोठडी झाली. विरघळून जाण्याची सोय ज्या विचारात नाही, त्यात स्वतःपासून सुटकाही नाही.

माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना ही कोठडी ठाऊक असते. सुटकेसाठी आपण ध्यानाचं अ‍ॅप उघडतो आणि तिथला मऊ आवाज सांगतो, विचारांना जाऊ द्या, तुम्ही म्हणजे तुमचे विचार नव्हे. त्याने बरंही वाटतं. हॉपकिन्सने स्वतःला जाऊ दिलं नाही. त्याच कडूपणाशी तो सुनीताच्या चौदा ओळींत बसून राहिला. त्यातल्या एका सुनीतात तो स्वतःवरच दया करायला, थोडं हळुवार वागायला शिकतो आहे. ब्लूबेलला दिलेली नजर त्याने उशिरा का होईना, स्वतःला द्यायचा प्रयत्न केला.

८ जून १८८९ रोजी टायफॉइडने तो गेला, वयाच्या ४४व्या वर्षी. हयातीत त्याच्या महत्त्वाच्या कवितांपैकी जवळजवळ काहीच छापलं गेलं नव्हतं. मित्र रॉबर्ट ब्रिजेसने हस्तलिखितं जपली आणि १९१८मध्ये पुस्तक काढलं. प्रती ७५०. दुसरी आवृत्ती यायला १९३० उजाडलं. ज्या विचाराच्या जनकाला जगाने मठ्ठ ठरवलं होतं, त्याच्या वाचकालाही असंच थांबावं लागलं.

मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८८मध्ये, त्याने एक लांबलेलं सुनीत लिहिलं होतं. त्यात सगळं जग जळत आहे. ढग, चिखल, माणसांच्या पावलांचे ठसे, सगळं. माणूस कितीही वेगळा, कितीही ठसठशीत असो, काळ त्याला पुसून टाकतो. आणि मग अचानक पुनरुत्थानाची आठवण येते. ख्रिस्ती श्रद्धेत मेलेला माणूस कशात मिसळून जात नाही. तो स्वतः उठतो, देहासकट, ओळखीसकट. स्कोटसच्या हेपणाला लागणारं शेवटचं आश्वासन तेच आहे. एकदा ‘हा’ असलेला, कायमचा ‘हा’.

माझी ही श्रद्धा नाही, आणि कविता वाचून ती निर्माणही झाली नाही. पण ती कशासाठी मागितली जाते ते कळलं. आणि जी प्रार्थना ‘सगळं एकच आहे’ असं सांगून समजूत घालत नाही, जी देवाकडे नाव घेऊन, खूण सांगून, नेमकं हेच माणूस परत मागते, तिच्याशी मला वाद घालावासा वाटत नाही.